एक डावीकडून, एक उजवीकडून

रेणूला बघायचा कार्यक्रम यंदा काचीगुड्याच्या घरात न ठेवता विकाराबादच्या जंगलात, सहलीच्या निमित्ताने ठेवला होता. पोहे संपले तसा तिला बघायला आलेला चिन्मय कमरेचा नवाकोरा पेजर सावरत म्हणाला, "आम्ही दोघं टेकडीला एक फेरी मारून येतो."

कुसुममावशीने डोळे वटारले. "अजून ठरलं नाही काही! जायचंच तर एकाने डावीकडून जा, एकाने उजवीकडून. एकत्र फिरायचं नाही."

"हौ, मावशी," रेणू खाली मान घालून म्हणाली. पहिलं वळण येईपर्यंत ती कशीबशी सावकाश चालली. मग चपला हातात घेऊन अशी सुसाट सुटली, की वाटेतली माकडंसुद्धा बाजूला झाली. गोल पायवाट ती! टेकडीच्या मागे चिन्मय समोरून धापा टाकत आलाच. दोघं पोट धरधरून हसली, मग दगडावर बसून बोलत राहिली.

अर्ध्या तासाने दोघं अगदी शहाण्यासारखी दोन बाजूंनी खाली उतरली.

मावशीने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे, काकांकडे.

"एवढ्यात आलात? आमच्या वेळी मला न् तुझ्या काकांना दीड तास लागला होता."