अध्यक्षांचा आकडा

१९९८ साली शहापुरात आमच्या शाळेत एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्या खोलीत चपला बाहेर काढूनच जावं लागे. त्यावर मी माझा पहिला गेम लिहिला. कॉम्प्युटर एक ते शंभरमधला एक आकडा मनात धरणार, आपण तो सात प्रयत्नांत ओळखायचा. गॅदरिंगच्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष बुटांसकट आत आले, खेळायला बसले आणि सगळ्यांसमोर तीनदा हरले. चुकलेला आकडाच ते पुन्हा पुन्हा टाकत होते.

अध्यक्ष चहाकडे वळले तसे साईनाथ सर माझ्या कानाशी आले. "जयश्री, एक ओळ बदल गो. साहेब हरलेले बरं दिसत नाय."

मी बदलली. आता काहीही टाकलं तरी पडद्यावर 'शाबास' यायचं.

"बघा, जमला का नाय?" अध्यक्ष फुलले. मग एकदम गंभीर झाले. "पन असले खेळ पोरांच्या हाती नको. अभ्यास बुडंल." आणि जाताना कॉम्प्युटर जीपमध्ये घालून घरी घेऊन गेले.



दहावीपर्यंत आम्ही प्रोग्रॅम वहीतच लिहिले. अध्यक्ष मात्र त्या दिवसापासून एकदाही हरले नाहीत.