पिवळी नखं

संध्याकाळी बेसबॉलच्या हंगामातला पहिला सामना होता. बानी गावातल्या एका बोळात मिलेदिसच्या पार्लरबाहेर खुर्च्या टाकून बसलेली मंडळी तिच्या भावाचं भविष्य सांगत होती. “यंदा नेफ्ताली राखीव कॅचर राहत नाही! मुख्य कॅचरचे गुडघे बोलायला लागलेत.” “आणि याची फेक? नुसती वीज!” उजवा हात बहिणीपुढे धरून नेफ्ताली आत बसून हसत होता. कोणता चेंडू टाकायचा ते सांगणाऱ्या त्याच्या बोटांच्या खुणा पिचरला लांबून दिसाव्यात, म्हणून ती दरवर्षी त्याची नखं पिवळी रंगवायची. तर्जनीचं नख कापताना कात्री सटकली. रक्ताचा थेंब फुगला. तो हसतच राहिला; बोट हललंसुद्धा नाही. तिने मुद्दाम पुन्हा टोचलं. काहीच नाही. “मिलेदिस, तुझं भाकीत काय गं?” बाहेरून कुणीतरी ओरडलं. त्याने वळून रक्ताकडे पाहिलं. “जाड रंगव, ताई,” तो पुटपुटला. “बाकीची बोटं टोचून बघू नकोस.”