खानदानी खळी

दादरच्या क्लिनिकात सासूबाईंनी स्त्रीबीज देणाऱ्या बायकांचे फॉर्म मंडईत वांगी चाचपावीत तसे चाळले आणि नाक मुरडलं. “रंग, उंची, शिक्षण लिहिलंय, मग जात कुठंय? दुसरं नातवंड आमच्यातल्याच बीजाचं हवं.” सून मान खाली घालून बसली होती. “जात विचारत नाहीत, काकू,” समुपदेशक उत्पला म्हणाली. “थोरल्याच्या वेळी विचारायचं राहिलंच, पण देवानं लाज राखली!” काकूंनी मोबाइलवर त्या नातवाच्या मुंजीचा फोटो दाखवला. “ही खळी बघ गालावरची. घराणं लपतं का?” ती खळी उत्पलाला रोज सकाळी नळावर भेटायची. चिंचपोकळीच्या तिच्याच चाळीतल्या, चौदा एप्रिलला सगळ्यांआधी दारावर निळा झेंडा लावणाऱ्या शेजारणीला दहा वर्षांपूर्वी बीज द्यायला उत्पलानंच आणलं होतं. “मागच्यासारखीच खानदानी बघ,” काकूंनी बजावलं. “अगदी तशीच,” म्हणत उत्पलानं बटूला मनोमन जयभीम केला.