हात न लावलेली ओळ

"त्याइले हात नाई लावला म्या, म्याडम. पाच सालं झाले," खुशालराव अभिमानानं म्हणाले.

मोर्शीजवळच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत प्राजक्ता बारा झाडांच्या ओळीसमोर उभी होती. खोडाची साल कुजवणाऱ्या डिंक्या रोगावरच्या तिच्या प्रयोगातली ही बिनऔषधाची ओळ. बाकीच्या झाडांना औषध द्यायचं, हिला काहीच नाही, आणि फरक मोजायचा. त्यासाठी ती दर दोन महिन्यांनी अकोल्याहून यायची.

"लोक हासतात. मंतात, खुशालराव, या बारा झाडाइनं तुमचं काय वाकडं केलं? आमची बुढी तर एकदा मलम घेऊनच आली होती. म्या हात धरला तिचा. म्हटलं, म्याडमचा अभ्यास बुडते."

प्राजक्तानं वही उघडली नाही.

"काका, मी पुढच्या महिन्यात स्पेनला चालली. अकोल्याच्या नोकरीचं कंत्राट संपलं."

"बेस झालं! हुशार मानसानं जावाच." त्यांनी ओळीकडे बोट केलं. "मंग पुढचं मोजमाप? आठ सालं लागतीन मनत होत्या तुमी."

"आता कोणी येणार नाही. प्रयोग बंद झाला."

तिकडची संशोधनाची नोकरी तिला याच ओळीच्या आकड्यांवर मिळाली होती.

खुशालराव झाडांकडे पाहत राहिले. मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. "मंजे आता सुटले हे? देऊ औषध?"

"द्या."

"वाचतीन नं?"

सगळ्या खोडांची साल चहूबाजूंनी कुजली होती; इतकं झाल्यावर झाड वाचत नाही. दिवाळीतच तिनं तशी नोंद केली होती. एरवी अशा प्रश्नाला ती टक्क्यांत उत्तर द्यायची.

"हो," ती म्हणाली.

"ऐकलं काय वं! आन ते मलम इकडं!" खुशालरावांनी हाक दिली.

पलीकडच्या झाडांना निळं बोर्डो मलम लावत असलेली त्यांची बायको मैनाबाई बादली घेऊन जवळजवळ धावतच आली. तिनं पदर खोचला, पहिल्या झाडाशी बसली आणि खोडावर निळा कुंचला फिरवला.

सालीचा एक लांब तुकडा सुटून बादलीत पडला.

मैनाबाईनं तो बोटांनी बाहेर काढला, खोडाला होता तिथं परत चिकटवला आणि तळहातानं दाबून धरला. दुसऱ्या हातानं ती वरून मलम लावत राहिली.