सातव्या माळेचे रक्त

सकाळी दहा चाळीसला शेवंता मगदूम यांची प्रतिकृती संगणकात मरण पावली. शेवंताबाई स्वतः इचलकरंजीच्या विमा केंद्रात समोरच बसल्या होत्या. कर्करोगाचे औषध आधी रुग्णाच्या रक्ताच्या नमुन्यावरून संगणकात बनवलेल्या प्रतिकृतीला द्यायचे आणि ती जगली तरच खर्च मंजूर करायचा, असा नियम होता.

“मावशी, औषध तुम्हाला लागू पडत नाही,” अधिकारी परुळेकर म्हणाले. “चौथ्या महिन्यात शरीर पार खंगलं.”

“माझं? मी तर बसलीया की हितं.” त्यांनी अहवाल ओढून तारीख वाचली. “हे रगत घटाच्या सातव्या माळेचं. नऊ दिस मी नुसत्या पाण्यावर असते. त्या बयेला चार महिनं उपाशी ठेवलंस व्हय रं?”

“नमुना बदलता येत नाही. अपील करा, सहा महिने लागतील.”

“औषधाबिगर डॉक्टरनं मला पाचच दिल्यात.” शेवंताबाईंनी डबा उघडला, भाकरी मोडली आणि डावा हात टेबलावर ठेवला. “मी जेवते. तुझ्या माणसाला रगत घ्यायला सांग.”

परुळेकरांनी वरिष्ठांना फोन लावला. रांगेतल्या तीन बायका आपापल्या अहवालांवरच्या तारखा पाहू लागल्या. दुपारी सव्वाबारापर्यंत रक्त घेतले गेले नव्हते आणि शेवंताबाई खुर्चीवरून उठल्या नव्हत्या.