चंद्रशेखरचा सारिंदा

तुर्भ्याच्या त्या बिल्डिंगीत मुक्ताकाकूंच्या भिंतीला लागूनच चंद्रशेखरचं घर. कारखान्यातून आला की तो गॅलरीत लाकडाचा ठोकळा कोरत बसायचा. जुन्या फोटोत बघून सारिंदा नावाचं गजाने वाजवायचं वाद्य करायचं वेडच घेतलं होतं त्याने. "वाजला की बाईमाणूस रडतंय असंच वाटतं, काकू," तो कौतुकाने सांगायचा.

थोड्याच दिवसांत भिंतीपलीकडून अगदी तसाच आवाज यायला लागला. काकूंनी जिन्यात त्याच्या बायकोला, वैष्णवीला, विचारलं. तिने ओढणी गळ्याशी ओढून घेतली. "सारिंदा हो, काकू. वाजवून बघतात."

पुढे सोसायटीचा सेक्रेटरी पोलिसांना फोन करायला निघाला, तेव्हा काकूंनीच त्याला वेड्यात काढलं. "अहो, वाद्य आहे ते. तुम्हाला कलेतलं काही कळतं का?"

दसऱ्याला काकू सोनं द्यायला गेल्या. पाटावर सारिंदा मांडला होता, हळदकुंकू वाहून, वर झेंडूची माळ घालून. काकूंनी हात जोडले आणि जरा वाकून निरखून पाहिलं. "अरे, पूजेसाठी तारा काढून ठेवल्यास होय?"

पाण्याचा तांब्या घेऊन येणारी वैष्णवी स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.



चंद्रशेखर हसला. "काढतोय कसल्या, काकू? अजून चढवल्याच नाहीत. मिरजेहून आल्या की मग पहिल्यांदा वाजवून बघायचा."