चिठ्ठीवरचं नाव

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९९७. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सांगलीतल्या एका दवाखान्यात राजश्रीच्या गळ्यातला सवतीचा टाक काढून घेण्यात आला.

"आत सोनं-चांदी चालत नाही," नर्स म्हणाली. "मंगळसूत्रही द्या यजमानांकडे."

मंगळसूत्र काढताना राजश्रीचा हात अडखळला. टाक मात्र तिनं झटक्यात काढून दिला. दीड वर्ष तो गळ्यात होता. मानसिंगची पहिली बायको शिवांजली काविळीनं गेली. तिच्या जागी आलेल्या राजश्रीनं रिवाजाप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक घातला. घातला की मेलेली सवत कोपत नाही म्हणतात. सवत कोपली नाही, पण घरातून हललीही नाही. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो, कपाटात तिच्या साड्या आणि सासूच्या तोंडी उठता-बसता, "शिवांजलीच्या आमटीला लय चव हुती."

सकाळी काउंटरवर नाव विचारलं तेव्हा ती "साळू भाऊसो" असं सांगून बसली होती. लग्नात नाव बदललं ते घाबरल्यावर तोंडी येईना.

तेव्हा नर्स हसली होती. "माहेरचं सांगितलं ना? निम्म्या बायका इथं तेच करतात. आणि एकदा कागदावर चढलं की तेच राहतं."

मानसिंगनं पुढं होऊन नाव दुरुस्त करून घेतलं होतं.

मूल न होण्याचा दोष दोघांतही आहे, असं डॉक्टर मानसिंगला इंग्रजीत म्हणाले होते. मानसिंगनं ते राजश्रीला मराठीत सांगितलं. कुण्या जोडप्याचे गर्भ गोठवून ठेवलेत, त्यांना आता नकोत, ते आपल्याला मिळतील, हेही त्यानंच सांगितलं. सरहद्दीवर जखमी होऊन पेन्शनीवर आलेला हवालदार दुसऱ्याचं बी घरात घ्यायला तयार होतो, याचं तिला नवल वाटलं होतं.

"आवं, पण त्ये मूल तुमचं नसंल," ती म्हणाली होती.

"माझ्या घरात वाढंल त्ये माझंच. फकस्त कुणाला सांगायचं न्हाई. आईला बी न्हाई."

त्या दिवसापासून ती नवऱ्याला देव मानत होती.

आत गोठवलेल्या गर्भांच्या टाकीचं झाकण उघडलं आणि पांढरा धूर खाली सांडला.

"गाई भरवायला येतो त्या डागदरची टाकी बी असलीच असती," राजश्री म्हणाली.

"हळू बोला हो," नर्सनं हसू दाबलं. "साहेब ऐकतील."

नर्सच्या हातातल्या नळीला चिठ्ठी होती. बॉलपेननं लिहिलेलं राजश्रीनं पडल्यापडल्या वाचलं. अंबिका नाथाजी. मार्च ९४.

दुपारच्या एसटीत तिनं विचारलं, "ही अंबिका कोण?"

मानसिंग खिडकीबाहेर बघत होता. "कोण अंबिका?"

"चिठ्ठीवर हुतं. अंबिका नाथाजी. ती बायकू आन नाथाजी नवरा असणार."

इस्लामपूरला त्यानं खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाला, "असंल. आपल्याला काय करायचंय?"

पंधराव्या दिवशी तपासणीत दिवस राहिल्याचं कळलं. उंब्रजला सासूनं गावभर पेढे वाटले. राजश्रीच्या पोटात मात्र पोराच्या आधी अंबिकाच वाढायला लागली. ती तासगावची असणार. द्राक्षाची बाग, दारात गाडी, अंगणात दोन पोरं खेळत असतील. इतकी पोरं की उरलेली बर्फात ठेवून विसरली! बाजारात एखादी भरल्या अंगाची, हसऱ्या तोंडाची बाई दिसली की राजश्री पोटावर पदर ओढून घ्यायची.

"पोर मोठं झालं आन वाटंत भेटली तर वळखंल की ती," एकदा ती मानसिंगला म्हणाली. "रगत तिचंच. म्या निस्ती पोटात वागवणारी."

"येडी हाईस का? ती कुटनं येतीय?"

"तुमाला काय ठावं? जित्ती हाय ती. आज ना उद्या दारात हुभी ऱ्हाईल."

मेलेल्या सवतीपेक्षा जिवंत अंबिका वाईट, हे तिला पटत गेलं. शिवांजली निदान काही मागायला येणार नव्हती. राजश्री फोटोवरची धूळ पुसू लागली. रोज अंघोळीनंतर टाक डोळ्यांना लावून पुटपुटू लागली, "बाई, तू मोठी, मी धाकटी. ह्ये पोर आपल्या दोघींचं समज. पर त्या अंबिकेला ह्या दारात येऊ दिऊ नगंस."

फेब्रुवारीत, पाचव्या महिन्यात, फलटणचे तात्या आले. शिवांजलीचे वडील. रिवाजानं ते राजश्रीला लेक मानत, दिवाळीला साडी आणत. घरात सगळेच त्यांना तात्या म्हणत. आजवर ती त्यांच्या पुढ्यात चहा ठेवून आत निघून जायची. आज तिनं वाकून नमस्कार केला. म्हातारा गहिवरला.

"घरात बाईमाणूस न्हाई, पोरी. लाडू शेजारणीनं वळलं," पिशवीतून स्टीलचा डबा काढत तात्या म्हणाले. "डबा माघारी धाडू नगंस. एकुलत्या लेकीचा हाय. साळंत बक्षीस मिळाल्याला. लगनात द्यायचा ऱ्हायला, तवापासनं आमच्याकडंच पडून हुता. आता तूच लेक."

मानसिंग कॉटवरून घाईनं उठला. "आण हिकडं. म्या ठिवतो आत."

"ऱ्हाऊ द्या. जड न्हाई."

ती डबा घेऊन दारातल्या उजेडात आली. झाकणाला तूप लागलं होतं. तिनं ते पदरानं पुसलं. खाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली.

कु. अंबिका नाथाजी. इयत्ता सातवी. पहिला क्रमांक.